बंद पेवाचा भाव

मागच्या महिन्यात कुंडलला मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत सुशीलामामी शेजारी येऊन बसली आणि बुंदीचा पहिला घास घ्यायच्या आत तिनं विचारलं, “पद्मा, आता सुटलीस न्हवं नोकरीतनं? आता तरी सांग की. पगार किती हुता गं तुला?”

हा प्रश्न मामी मला सव्वीस वर्षं विचारते आहे. पूर्वी मी हसून वाढप्याला हाक मारायचे. यावेळी मी खरं उत्तर दिलं आणि मामी माझ्यावर रुसली. ते उत्तर काय होतं हे समजायला माझा धंदा आधी समजायला हवा. तो आमच्या घरात अजून कुणाला समजलेला नाही. निम्म्यांना वाटतं मी बँकेत होते, उरलेल्यांना वाटतं शेअर बाजारात.

तर आधी पेव. मी सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी. आमच्याकडे हळद जमिनीखाली ठेवायचे. दोन पुरुषांहून खोल खड्डा, आतून उसाच्या पाल्याचं अस्तर, त्यात हळकुंडं ओतायची आणि वरून फरशी टाकून मातीनं लिंपायचं. एकदा लिंपलं की भाव येईपर्यंत उघडायचं नाही, उघडलं की हवा लागते आणि कीड धरते. मधेच कुणाला पैशाची नड आली तर तो ते पेव बंदच्या बंद दुसऱ्याला विकायचा. घेणाऱ्याला आतलं दिसत नाही. भरतानाचा कागद बघायचा, जागा बघायची, विकणाऱ्याचा चेहरा बघायचा आणि भाव बोलायचा. भाव अर्थातच थोडा पाडून, कारण नड त्याची असते.

माझी नोकरी हीच होती. फक्त हळदीच्या जागी कंपन्या होत्या. पैसेवाले लोक मिळून एका फंडात पैसे घालतात, फंड त्यातून बाजारात नसलेल्या कंपन्यांमध्ये हिस्से घेतो आणि सगळं आठ-दहा वर्षांसाठी लिंपून टाकतो. मधेच कुणाला बाहेर पडायचं असेल तर फंड पैसे परत देत नाही. मग तो माणूस आपला हिस्सा आमच्यासारख्यांना विकतो. कागदावर शंभर किंमत असेल तर आम्ही सत्तर म्हणतो, ऐंशी म्हणतो, आणि कधी कधी शंभर देऊनही घेतो. या धंद्याला इंग्रजीत ‘सेकंडरीज’ म्हणतात. थेट कंपन्या विकत घेणारी जी बडी मंडळी असतात ती आमच्याकडे जरा जुन्या कपड्यांच्या दुकानदाराकडे बघावं तसं बघतात.

मुंबईत मी ज्यांच्या हाताखाली आले ते शेलार साहेब मूळचे मेढ्याचे. वडील फौजेत, भात तीन खाचरं, बाकी डोंगर. साहेबांचं इंग्रजी असं की परदेशी लोक त्यांना शाळा कुठली विचारायचे आणि ते ‘जिल्हा परिषद’ असं इंग्रजी वळणात सांगायचे. दिवसभर कचेरीत इंग्रजी चाले. पण भाव ठरवायची वेळ आली की साहेब काचेचं दार लावून घ्यायचे आणि म्हणायचे, “आता सांग पाटलीणबाई. घ्यायचं का न्हाई?” इंग्रजीत माणूस स्वतःलाही फसवू शकतो असं त्यांचं मत होतं.

माझ्या मुलाखतीत त्यांनी ताळेबंदाचं काही विचारलं नाही. सांगलीची म्हटल्यावर पेवांचं विचारलं. मी अण्णांची गोष्ट सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी एका पावसाळ्याआधी त्यांच्या जिवाभावाच्या मित्राकडून एक भरलेलं पेव घेतलं होतं. भाव बरा, जागा ओळखीची. चार महिन्यांनी फरशी काढली, आतली हवा साफ व्हायला थांबले, कंदील सोडून तो विझत नाही हे बघितलं आणि मग गडी उतरला. तो आतूनच ओरडला की हात घालायला नको. शेजारच्या गटाराचं पाणी झिरपून तळातली हळद काळी पडली होती आणि वरची कुबट झाली होती. मित्राला झिरपणं आधीपासून माहीत होतं. त्या वर्षी आमच्या घरची दुकानाची अर्धी जागा गेली. अण्णा नंतर एवढंच म्हणाले, “का इकतोय ते इचारलं न्हाई गं मी. दोस्त हाय म्हनून भीड पडली.”

गोष्ट ऐकून साहेबांनी माझा कागद बाजूला ठेवला. “ह्यो प्रश्न तू आता जल्मभर इचारनार,” ते म्हणाले. “उद्यापास्नं ये.”

आता पगार. मामी, वाचत असशील तर इथून नीट वाच. आमच्या धंद्यात मिळकतीचे तीन थर असतात. पहिला महिन्याचा पगार, तो चांगला असतो, पण थेट कंपन्या घेणाऱ्या बड्या घरांपेक्षा कमी. दुसरा वर्षाअखेरचा बोनस, त्याचं पावसासारखं असतं. आणि तिसरा नफ्यातला वाटा. खरी हळद तिथं. पण आधी ज्यांचे पैसे आहेत त्यांना मुद्दल आणि ठरलेलं व्याज परत जातं, त्यावर काही उरलं तर त्यातला तुकडा आमचा. तोही एकदम हातात येत नाही. दर वर्षी थोडा थोडा पिकतो. मधेच नोकरी सोडली तर पिकलेला तुमचा आणि कच्चा तिथंच सोडून जायचं. म्हणून आमच्यातली निम्मी माणसं दर वर्षी मनातल्या मनात सोडून जातात आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर येतात.

या कामाची एक गंमत होती. थेट कंपनी घेणारा माणूस दहा वर्षांत पाच-सहा धंदे आतून ओळखतो. आम्ही एका वर्षात शंभर धंदे खिडकीतून बघायचो. औषधं, टायर, शाळा, कोंबड्यांचं खाद्य. शिकायला फार मिळायचं, पण कुठल्याच कंपनीच्या संचालक मंडळात आमची खुर्ची नसायची. पाच वर्षं हे केलं की बडी घरं म्हणतात, तुम्हाला फक्त आकडे वाचता येतात, धंदा चालवायला कुठं येतो? म्हणजे उडी मारायची तर लवकर मारावी लागते. हे सगळं मला माहीत होतं. तरी आठवं वर्ष उजाडलं तेव्हाही मी तिथंच होते, त्याला कारण शेलार साहेब.

दुसऱ्याच वर्षी मी एक घोडचूक केली होती. फंडात लोक एकदम पैसे भरत नाहीत, कबूल करतात, आणि फंड लागेल तसे मागतो. भिशीतला मधला नंबर विकत घेतला तर पुढचे हप्ते घेणाऱ्याच्या डोक्यावर येतात, तसंच हे. मी एक हिस्सा घेताना गृहीत धरलं की फंडाची खरेदी संपली, आता हप्ता येणार नाही. करारात एक ओळ होती की जुन्या कंपन्यांना टेकू द्यायला फंड पैसे मागू शकतो. ती ओळ मी वाचली होती आणि सोडून दिली होती. सहा महिन्यांत मागणीचं पत्र आलं. भिशीवाल्यांच्या गावातली मी, आणि पुढचा हप्ता विसरले.

खरेदीला मंजुरी देणाऱ्या समितीपुढं साहेब उभे राहिले आणि म्हणाले की सही माझी आहे, चूक माझी. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. बाहेर आल्यावर मी रडवेली झाले होते. “रडू नगंस,” ते म्हणाले. “करार मोठ्यानं वाचत जा. डोळा ओळ गाळतो, तोंड गाळत न्हाई.” तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक करार मोठ्यानं वाचला. माझ्या खोलीला लोक पाठशाळा म्हणायचे.

आता वाईची गोष्ट, जिच्यावर माझं सगळं बेतलं होतं.

आठव्या वर्षी एका बड्या घरानं मला बोलावलं. पगार दीडपट, थेट कंपन्यांचं काम, संचालक मंडळात खुर्ची. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. इकडे साहेबांनी शब्द दिला होता की या वर्षी एक मोठी खरेदी मी स्वतः पार पाडली तर मला भागीदार करतील. भागीदार झाले की नफ्यातला वाटा तिप्पट. तो मिळणार असेल तर राहायचं, नाहीतर उडी मारायची, असं मी ठरवलं होतं. ते पत्र पर्समध्ये घेऊनच मी शनिवारी साहेबांबरोबर वाईला गेले.

विकणाऱ्या होत्या जोशीकाकू. त्यांच्या यजमानांचा मसाल्याचा कारखाना होता, तो विकून आलेले पैसे यजमानांनी एका फंडात घातले आणि दोन वर्षांत ते स्वतःच वारले. मुलगा अमेरिकेत. त्याचं म्हणणं, सगळं विकून मोकळी हो. हिस्सा इतका मोठा होता की तो पुरा घेतला तर माझं भागीदार होणं नक्की. काकू सत्तरला तयार होत्या. आणि मी हिशेब करून बसले होते की तो हिस्सा शंभराहून जास्त लायकीचा आहे. त्यातली एक कंपनी मोठी झाली होती आणि तिला गिऱ्हाईक लागलेलं होतं. हे काही गुपित नव्हतं. फंडाच्या अहवालांत लिहिलेलं होतं, फक्त वाचता यायला हवं. तेच अहवाल काकूंच्या कपाटात होते. त्यांनी माझ्यापुढं गठ्ठा ठेवला. सगळी पाकिटं लाल दोऱ्यानं बांधलेली, एकही उघडलेलं नाही.

“हे सगळं हे बघायचे,” काकू म्हणाल्या. “मला त्यातलं कळत नाही. तुम्ही म्हणाल तिथं सही करते.”

मी पेन पुढं केलं. साहेबांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या खिशाला लावलं.

“काकू, कशासाठी विकताय?” त्यांनी विचारलं.

आमच्या धंद्यात हा प्रश्न भाव पाडण्यासाठी विचारतात. नड कळली की दोरी ओढता येते. काकू म्हणाल्या, “दोन नणंदा आहेत माझ्या. कारखान्यात त्यांच्या वडिलांचा पैसा होता. त्यांचा वाटा मला माझ्या हयातीत द्यायचाय. ह्यांचं राहून गेलं ते.”

“त्याला किती लागतील?”

काकूंनी आकडा सांगितला. तो हिस्स्याच्या निम्म्याहून थोडा कमी होता.

“मग तेवढंच विका,” साहेब म्हणाले. “उरलेलं राहू दे. आणि ही पाकिटं एखाद्या जाणत्या माणसाला वाचायला द्या. त्यानं वाचून सांगितल्यावरच मला फोन करा. घाई माझी नाही, तुमचीही नाही.”

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी तो हलवलासुद्धा नाही. महिन्याभरानंतर निम्माच हिस्सा आम्हाला मिळाला, तोही वाईच्या एका निवृत्त हिशेबनिसानं पाकिटं वाचून भाव वाढवून घेतल्यावर. पण माझ्यापुरता निकाल त्या दुपारीच लागला होता. भागीदारी गेली.

परतताना खंबाटकी घाट लागला. तिथं मी फुटले. म्हटलं, साहेब, आठ वर्षं मी रविवार बघितला नाही. विकणारी राजी, भाव राजी, कायदा राजी, आणि तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. माझ्या वाट्याचं दान तुम्ही कसं केलंत? पर्समधलं पत्र काढून त्यांच्या मांडीवर टाकलं.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग घडी घालून परत दिलं. “चांगला पगार हाय,” ते म्हणाले. “जायाचं तर जा. मी तुजी शिफारस लिवीन. पर एक सांगतो. जो सगळंच इकाया काढतो त्याला एक तर लय म्हाईत असतं, न्हाईतर काईच म्हाईत नसतं. तुज्या अण्णांना ज्यानं पेव इकलं त्याला म्हाईत हुतं, अण्णांना न्हवतं. आज आपल्याला म्हाईत हुतं, त्या माउलीला न्हवतं. येवढंच.”

त्या मित्राला मी वीस वर्षं मनातून शिव्या घालत आले होते. आमच्या दुकानाच्या गेलेल्या जागेवरून जाताना आजही माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. आणि त्या दिवशी पेन माझ्या हातात होतं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून अजून राग आला. खिडकीकडे तोंड करून मी पुण्यापर्यंत बसून राहिले. सोमवारी त्या बड्या घराला नकार कळवला. तिथं माझ्या हातातलं पेन काढून घेणारं कुणी नसतं.

यात मी फार मोठं काही केलं असं नाही. भागीदार व्हायला मला आणखी दोन वर्षं लागली. त्या बड्या घरातली माझी जागा ज्यानं घेतली तो आज वर्तमानपत्रात बोलतो आणि त्याच्या घरातून समुद्र दिसतो. मला ते टोचतं, नाही कशाला म्हणू? पण त्या वाईच्या निम्म्या व्यवहारानंतर एक झालं. काकूंनी नणंदांना सांगितलं, नणंदांनी त्यांच्या सासरी सांगितलं. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ज्या ज्या घरांचे पैसे अशा फंडांत अडकले होते ती घरं विकायची वेळ आली की लिलाव न मांडता शेलार साहेबांना फोन करू लागली. त्यातले दोन हिस्से पार कुजके निघाले, तेही सांगायला हवं. तरी पुढचे सगळे फंड आम्ही त्या फोनांवर भरले. माझा नफ्यातला वाटा त्यातल्या शेवटच्या, सगळ्यात मोठ्या फंडात आहे. साहेबांना हे आधीच दिसलं होतं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “आगं, मला घाट सोडून पुढचं काय बी दिसत न्हवतं. तू लय भांडत हुतीस.” असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचं चालणं थांबलं आणि मी नोकरी सोडून सांगलीला आले. नफ्यातला माझा वाटा पिकलेला, पण फंड अजून लिंपलेला. कंपन्या विकल्या जातील तेव्हा पैसे येतील. दोन वर्षं, चार वर्षं, कोण सांगणार. आणि या पावसाळ्यात मला एक पत्र आलं. आमच्याच धंद्यातली एक परकी कंपनी माझा वाटा आत्ता विकत घ्यायला तयार होती. शंभराचे पंचाहत्तर. जन्मभर दुसऱ्यांची बंद पेवं घेणारी मी, आता माझ्याच पेवाला गिऱ्हाईक आलं.

मी तीन रात्री झोपले नाही. सव्वीस वर्षांची खरी कमाई ती. पाणी झिरपलं तर? बाजार पडला तर काय हाती येणार? चौथ्या दिवशी सकाळी मी विकायचं ठरवलं आणि भाव बरा आहे ना एवढंच विचारायला साहेबांना फोन लावला. साहेब आता मेढ्याला असतात. रोपं लावायची घाई होती, मागे पाण्याचा आवाज येत होता. अण्णांच्या खाटेशेजारी बसून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, कारण अण्णांना साहेबांचं बोलणं आवडतं. मी सगळं सांगितलं. आकडा सांगितला.

साहेबांनी आकड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. “कशापायी इकतीस?” ते म्हणाले.

मी मनातल्या मनात नड शोधू लागले. घर आहे. अण्णांच्या औषधांना पेन्शन नसली तरी माझी ठेव पुरते. मुलगी कमावती आहे. शेकडो माणसांना मी हा प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्या गप्प बसण्यावरून भाव ठरवला होता. आता मी गप्प होते आणि फोनवर चिखलातली पावलं ऐकू येत होती.

“माज्यापायी इकतीय ती,” खाटेवरून अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“माजं पेव बुडालं, ते हिनं ल्हानपणी बघितलं. तवापास्नं हिला बंद पेवाची धाकधूक. साहेब, तुमी सांगा तिला. मी बुडालो ते इचारलं न्हाई म्हनून. थांबलो म्हनून न्हवं.”

पलीकडची पावलं थांबली. साहेब म्हणाले, “अण्णा, माज्याकडं सांगाय काय उरलंच न्हाई आता.”

मी अण्णांचा हात धरला आणि रडले. त्यांच्या त्या खड्ड्यापासून दूर पळण्यात माझी सगळी उमर गेली असं मला वाटायचं, आणि ते हे सगळं खाटेवरून बघत होते. दुपारी मी त्या कंपनीला नकार कळवला. पत्र पाठवण्याआधी मोठ्यानं वाचलं. अण्णांनी एका जागी थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

तर कुंडलच्या पंगतीत मामीनं विचारलं, पगार किती होता. मी म्हटलं, “मामी, अजून कळायचंय.” तिला वाटलं मी चेष्टा करते. तिनं माझ्या पानातली बुंदी उचलून पलीकडच्या पोराला दिली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी घरी आले आणि अण्णांना हे सांगितलं. ते हसले, आणि म्हणाले, “उगडल्यावर लगीच आत उतरू नगंस. कंदील सोड आदी.”